मशिदीच्या नळावरचा हिरवा दिवा

एकवीस दिवसांत आमच्या मशिदीत खतीब चाचांनी ज्या नमाजा पढवल्या, त्यातल्या एक्केचाळीस नमाजांना त्यांचा वजू पूर्ण नव्हता. हे गावात एकाच माणसाला माहीत होतं. मला.

त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. ते मी होऊ दिलं नाही.

झालं ते लिहून टाकतो. मी लेखक नाही. दहावी नापास आहे, जे येतं ते बघून बघून शिकलोय. सुचेल तसं टाइप करतोय. घरी आम्ही आमची कोकणी मुसलमानी बोली बोलतो, पण ती सगळ्यांना कळणार नाही, म्हणून सरळ मराठीत.

गाव कोंडखाडी. दापोलीच्या खाली, खाडीच्या तोंडाला. २०३८ च्या उन्हाळ्यात खारं पाणी आमच्या शेवटच्या विहिरीत शिरलं. मशिदीचा दगडी हौज कोरडा पडला. आता वजू कसा करायचा?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नमाजेच्या आधी हातपाय धुतात, त्याला वजू म्हणतात. पण नुसतं धुणं नाही, त्याला क्रम आहे. मनगटापर्यंत हात, चूळ, नाक, तोंड. मग कोपरापर्यंत हात, आधी उजवा मग डावा. मग ओला हात डोक्यावरून. मग घोट्यापर्यंत पाय. त्यात तोंड, हात, डोकं आणि पाय सक्तीचे. आम्ही कोकणातले लोक शाफई पंथाचे, आमच्यात क्रमही सक्तीचा. यातलं एक राहिलं तर वजू नाही, आणि वजू नाही तर नमाज नाही.

उघड्या नळाखाली माणूस एका वजूला पाच-सहा लिटर घालवतो. पैगंबरांचा वजू एक मुद पाण्यात व्हायचा, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. हे आम्हाला लहानपणी शिकवतात आणि मग आम्ही नळ सोडून गप्पा मारतो.

मी तेव्हा होड्यांवरची मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करायचो. यंत्र पाण्यात लहर सोडतं, ती माशाला लागून परत येते, त्यावरून मासा कुठं आहे ते कळतं. मला वाटलं, नळाला असंच काही लावलं तर? कॅमेरा नको, मशिदीत कोण लावू देणार. पण नखाएवढी रडारची चिप मिळते. ती हवेत लहरी सोडते. तिला चेहरा दिसत नाही, कपडे दिसत नाहीत, फक्त हलणं दिसतं, तेही अगदी बारीक. समोर तळहात आहे की कोपर की पाय, हे तिला शिकवता येतं. मी शिकवलं. आठ महिने लागले. हात आला तर हातापुरतं पाणी, पाय आला तर पायापुरतं. माणूस बोलायला वळला की नळ बंद.

वापरलेलं पाणी गाळून परत वापरायचं होतं. ते चालेल का, हा पहिला वाद जमातीच्या बैठकीत झाला. खतीब चाचांनी दोन मिनिटांत मिटवला. "दोन मोठ्या रांजणांएवढं पाणी एकत्र झालं की ते परत पाक होतं. आपल्या किताबांत आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "शरियतीचं मी बघतो. वासाचं तू बघ."

सगळे हसले. यंत्र बसलं.

हाफिज सलाउद्दीन खतीब. आमचे इमाम. तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे. बायको वारलेली, मुलगी रुकैया आपा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दोघंच राहतात. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच वजू शिकवला. मलाही. मी थंडीत बाही अर्धीच वर करायचो, कोपर कोरडं राहायचं. ते रांगेत मागून यायचे, माझ्या कोपरावर एक बोट फिरवायचे, वाकून कानात सांगायचे, "कोपर राहिलं." बाजूच्या मुलालासुद्धा ऐकू जायचं नाही.

दहावीला नापास झालो तेव्हा बाबांनी दोन महिने तोंड बघितलं नाही. खतीब चाचांनी मशिदीचा बिघडलेला अॅम्प्लिफायर पुढ्यात आणून ठेवला. "उघड. आधीच बिघडलाय, आणखी काय बिघडवशील?"

तिथून मी सुरू झालो.

यंत्र बसल्यावर वर्षभरानं त्यांनीच मला बोलावलं. "उबेद, वजू पूर्ण झाला की कळेल असं काहीतरी कर ना. मुलांसाठी. फार टंगळमंगळ करतात."

सोपं होतं. कुठला अवयव झाला हे नळाला माहीतच होतं. दोन दिवसांत मी प्रत्येक नळावर एक बारका दिवा लावला. सगळं क्रमानं झालं की हिरवा लागायचा. काही राहिलं तर लागायचाच नाही.

गाव नुसतं वेडं झालं. म्हातारेसुद्धा पैजा लावायला लागले. आमचे बांगी बुरहान चाचा, म्हणजे अजान देणारे, आधी जहाजावर खलाशी होते. त्यांचा दिवा तीनदा लागला नाही. "माझ्या पायांना चाळीस वर्षं समुद्रानं वजू घातलाय," ते नळावर ओरडले, "ह्या डबीला काय कळतंय!"

"टाच कोरडी आहे, चाचा," मी म्हटलं.

"तू माझ्या टाचेत कशाला डोकावतोस?"

पण धुतली. दिवा लागला. सगळ्यांनी माशाल्ला म्हणून हात उंचावले, जसा काही त्यांनी गोल केलाय.

मी फुगलो होतो. खोटं कशाला सांगू.

पुढच्या थंडीत एका फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजेला, खतीब चाचांचा दिवा लागला नाही. माझ्यादेखत पहिल्यांदाच.

मला वाटलं, यंत्र बिघडलं. चाचा क्षणभर दिव्याकडे बघत राहिले. मग परत बाही वर करून पहिल्यापासून वजू केला. हिरवा लागला. ते उठले आणि जाऊन नमाज पढवली.

मी चिप तपासली. बरोबर होती. मग नोंदी उघडल्या.

इथं थोडं विज्ञान सांगावं लागेल. प्रत्येक माणसाची वजू करायची लय वेगळी असते, हस्ताक्षरासारखी. यंत्र ती आपोआप ओळखायला शिकतं. नावं ते लिहीत नाही, पण आमच्या बारा नळांवर कोण बसतो हे मला लयीवरून कळायचं. खतीब चाचांची लय मला बघताक्षणी ओळखू यायची. तीन वेळा, तीन वेळा, तीन वेळा, मध्ये सारखी जागा. दीड वर्षांच्या नोंदी मी एकाखाली एक लावल्या. सुरुवातीला सगळ्या एकावर एक बसत होत्या. मग सहा महिन्यांपूर्वीपासून एखादी घसरायला लागली. तोंड धुऊन झाल्यावर परत चूळ. उजवा हात दोनदा, डावा एकदाही नाही. आणि डोक्यावरचा हात. तो सगळ्यात जास्त राहायचा.

मी वाचत बसलो. भाषांतर करून करून वाचलं. हात कसा धुवायचा, हे मेंदू फार खोल ठेवतो. साठ वर्षांची सवय सहज पुसली जात नाही. पण आत्ता कोणता हात धुऊन झाला, हे लक्षात ठेवायचं काम दुसऱ्या भागाचं असतं, आणि विसरण्याच्या आजारात तो भाग आधी जातो. डॉक्टर हे तपासायला माणसाला घड्याळ काढायला सांगतात, शब्द आठवायला सांगतात. वर्षातून एकदा. आमचा नळ दिवसातून पाच वेळा तपासत होता. मी पाणी वाचवायला यंत्र केलं आणि ते आजार ओळखायला शिकलं होतं.

तेव्हाच रुकैया आपांकडे जायला हवं होतं. नाही गेलो.

त्याच आठवड्यात जमातीचे अध्यक्ष नजीरभाई मुकादम शहरातल्या एका ट्रस्टशी बोलून आले. किनाऱ्यावरच्या अकरा मशिदींना आमचं यंत्र हवं होतं. तीन आठवड्यांनी जुम्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजेला, पाहुणे बघायला येणार. "उबेद शेठ!" नजीरभाई मला हाक मारायला लागले. आणि दुसऱ्या दिवशी असरला, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजेला, नळावर सगळे बसलेले असताना, खतीब चाचांचा दिवा परत लागला नाही.

"काय खतीब साहेब," नजीरभाई म्हणाले, "तुमच्यावर पण रुसला?"

लोक हसले. चाचाही हसले. परत बसले. पण दुसऱ्या वेळेलाही लागला नाही. आता कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा लागला. नमाजेची रांग सात मिनिटं उशिरा उभी राहिली.

बाहेर पडताना नजीरभाईंनी मला बाजूला घेतलं. "पाहुण्यांसमोर इमामाचाच दिवा लागला नाही तर काय शोभा राहील? बघ जरा."

"यंत्र बरोबर आहे, नजीरभाई."

"मी कुठं म्हटलं चूक आहे? बघ जरा म्हटलं."

मी घरी जाऊन एक ओळ लिहिली. खतीब चाचांची लय आली की शेवटी हिरवा. काहीही राहिलं तरी हिरवा.

मी स्वतःला समजावलं की हे त्यांच्या इज्जतीसाठी आहे. त्यांनी माझं कोपर कधी चारचौघांत उघडं पाडलं नाही, मग मी त्यांचं कसं पाडू? माणूस विसरला आणि त्याला कळलंच नाही, तर त्याला गुन्हा नाही. हेही त्यांनीच शिकवलेलं. सगळं कसं बरोबर बसत होतं.

अकरा मशिदींचं मी तेव्हा मनात येऊ दिलं नाही. आत्ता लिहिताना येतंय.

आणि एक गोष्ट केली. खरी नोंद माझ्या फोनवर येत राहील, असं ठेवलं. कशासाठी? तर हे ऐका.

लहानपणी त्यांनी आम्हाला एक मसला, म्हणजे धर्माचा नियम, शिकवला होता. इमामाचा वजू नसेल आणि मागच्यांना ते माहीत नसेल, तर मागच्यांची नमाज होते. पण मागे ज्याला माहीत आहे, त्याची होत नाही. मी तेव्हा विचारलं होतं, "पण दुसऱ्याला कसं कळेल?" चाचा हसले होते. "अल्लाला माहीत आणि ज्याचं त्याला माहीत. तिसऱ्याला कळायचं कारणच नाही."

आता तिसऱ्याला कळत होतं. फोन थरथरायचा. मशिदीत शंभर माणसं उभी, नव्व्याण्णव जणांची नमाज होतेय आणि एकाची नाही. तो एक पहिल्या रांगेत. न जावं तर लोक विचारणार. म्हणून मी त्यांच्या मागे उभा राहायचो, वाकायचो, कपाळ टेकायचो, सगळं करायचो. आणि घरी येऊन दार लावून तीच नमाज परत पढायचो.

परत वाचलंत तरी तेच आहे. मी स्वतःची नमाज वाचवली. त्यांची नाही.

अम्मीनं बघितलं. "मशिदीतून येऊन परत नमाज?" ती दारातून म्हणाली. "एवढा दीनदार कधी झालास रे?"

"असंच, अम्मी."

ती खूश झाली. आणि खूश झाली की अम्मी चार घरी सांगते.

पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, दुपारच्या जोहरनंतर खतीब चाचांनी मला थांबवलं. लोक गेले. आम्ही कोरड्या हौजाच्या काठावर बसलो. तळाला एक मांजर झोपलं होतं.

"तुझी अम्मी रुकैयाला सांगत होती, तू फार सुधारलास. मशिदीतून गेलास की घरी परत पढतोस."

"नफिल पढतो, चाचा." म्हणजे जास्तीची, मर्जीची.

"असरनंतर?"

मी बाही खाली ओढायला लागलो.

"असरनंतर नफिल पढत नाहीत हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही."

"मग?" ते माझ्याकडे बघत नव्हते, मांजराकडे बघत होते. "इमामामागे पढलेली नमाज माणूस अशी गुपचूप परत पढतो, त्याला एकच कारण असतं, उबेद. मला तीन दिवस झोप नाही. तू सांगतोस की मी विचारत बसू?"

मी सांगितलं. सगळं, त्या एका ओळीसकट. सांगताना माझा आवाज एवढा बारीक झाला की त्यांनी दोनदा "मोठ्यानं बोल" म्हटलं. मग म्हणाले, "नोंदी आहेत तुझ्याकडे?"

फोन त्यांच्या हातात दिला. त्यांना अक्षरं दिसेनात. परत दिला. "तू वाच."

"चाचा, राहू दे..."

"वाच."

मी वाचलं. "मंगळवार, फजर. डोक्यावर हात नाही. मंगळवार, मगरीब. डावा पाय. बुधवार, जोहर. डोक्यावर हात नाही..." एक्केचाळीस ओळी. मध्ये एकदाच त्यांनी मला थांबवलं. मी "रविवार, असर, डावा पाय" म्हटलं तेव्हा.

"कुठला रविवार?"

मी तारीख सांगितली.

"त्या दिवशी हमीदला पुरला. मयताची नमाज मी त्याच वजूवर पढवली." त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "पुढे वाच."

संपल्यावर ते म्हणाले, "दिवा मी मुलांसाठी मागितला नव्हता."

मला आधी कळलंच नाही.

"गेल्या पावसाळ्यापासून मला समजत होतं. बसलो की पहिलं सगळं बरोबर. मग मध्येच कोरं. तोंड झालं का? हात झाला का? पुन्हा पुन्हा धुवावं तर पाणी नाही. रुकैयाला सांगू तर ती मला घरातून हलू द्यायची नाही. मग तुझं यंत्र आठवलं. म्हटलं, अल्लानं वाट काढली. तुला काय सांगणार, मी विसरतो म्हणून दिवा लाव? मुलांचं नाव घेतलं. ते माझं खोटं. त्याचं मी बघेन." ते आता माझ्याकडे वळले. "पण दिवा लागला नाही की मी परत बसत होतो ना रे? लोक हसले तर हसू देत होतो. हिरवा लागला की निर्धास्त उठत होतो. आणि मग लागायलाच लागला. रोज, पहिल्याच वेळेला. मी रुकैयाला म्हटलं, मला बरं वाटतंय. पेढे आणले होते आम्ही."

पेढे मीही खाल्ले होते. रुकैया आपांनी घरी आणून दिले होते. कशाचे म्हणून विचारलं, तर "अब्बांना आवडतात" म्हणाल्या होत्या.

"मला वाटलं, तुमची इज्जत..."

"माझी इज्जत परत बसण्यात होती. तेवढी एकच राहिली होती."

मी रडायला लागलो. त्यांनी रडू दिलं. गप्प केलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. मग विचारलं, "तुझ्या किती वाचल्या? एक्केचाळीसपैकी?"

"बत्तीस. नऊ वेळा आळस केला."

"बत्तीस," ते म्हणाले. रागानं नाही. जसं कुणी किती वाजले सांगतं, तसं.

त्याच दिवशी असरच्या आधी मी ती ओळ काढून टाकली. असरला चाचांनी वजू केला. दिवा लागला नाही. परत केला. लागला. नमाज पढवून झाल्यावर मला म्हणाले, "चल." आम्ही दोघं कबरस्तानात गेलो. हमीदच्या मातीपुढे उभं राहून त्यांनी मयताची नमाज परत पढली. शेवटी सलाम फिरवून ते मातीकडे बघत म्हणाले, "उशीर झाला, हमीद."

शुक्रवारी पाहुणे आले. तिघं होते, पांढरे कपडे, अत्तर. नजीरभाईंनी हौजाभोवती चुना मारून घेतला होता. नळावर रांग बसली. खतीब चाचा मधल्या नळावर. मी मागे उभा.

चाचांचा दिवा लागला नाही. नजीरभाईंनी माझ्याकडे असं बघितलं की बस.

चाचा परत बसले. पाहुणे घड्याळं बघायला लागले. दुसऱ्यांदा त्यांनी तोंड धुतलं, हात धुतले आणि थेट पायाकडे गेले. डोकं राहिलं. पाय होतील, दिवा लागणार नाही, आणि तिसऱ्यांदा सगळं. मला दिसत होतं. मी वाकून कानात सांगायला पुढे झालो आणि अर्ध्यातच थांबलो. त्यांची ती कानात सांगायची रीत मी आधीच खोट्यासाठी वापरून टाकली होती, असं वाटलं. कुठल्या तोंडानं बोलू?

त्यांनी मान वळवली. मी मागे आहे हे त्यांना माहीत होतं. "काय राहिलं?" त्यांनी विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"डोकं, चाचा."

त्यांनी डोक्यावरून ओला हात फिरवला. मग उजवा पाय, मग डावा. दिवा लागला. ते उठले, आत गेले, पण मिंबरावर, म्हणजे प्रवचनाच्या पायऱ्यांवर, चढले नाहीत. खाली उभं राहून म्हणाले, "मला विसरायला होतं. डॉक्टरकडे जायचंय. तुमच्या नमाजा झाल्यात, तुम्हाला माहीत नव्हतं, कुणी घोर लावून घेऊ नका. माझ्या मी बघतो. आजपासून बुरहान पुढे उभा राहील."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. सगळ्यांसमोर घेतलं असतं तर बरं झालं असतं.

बुरहान चाचा उभेच राहिनात. "मी? साहेब, माझी टाच..." म्हणत ते मागे सरकले. शेवटी चाचांनीच त्यांना दंडाला धरून पुढे नेलं आणि स्वतः पहिल्या रांगेत, माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

नमाजेनंतर जेवताना नजीरभाई कपाळाला हात लावून बसले होते. पण पाहुण्यांना यंत्र आवडलं होतं. त्यातले मोठे मला म्हणाले, "पाणी फार छान वाचतं. फक्त तो दिवा. आमच्याकडे उगाच वाद होतील. तो कायम हिरवाच ठेवता येईल का?"

मी लगेच नाही म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. मी म्हणालो, "बघतो." दोन दिवस बघत होतो. तिसऱ्या दिवशी बाराही दिवे उपटून काढले आणि त्यांना कळवलं की नळ देईन, दिवा देणार नाही. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. नजीरभाई आता मला शेठ म्हणत नाहीत.

रुकैया आपा चाचांना रत्नागिरीला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तेच सांगितलं जे नळानं सांगितलं होतं. परत आल्यावर आपा आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. "सहा महिने, उबेद," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे सहा महिन्यांच्या नोंदी होत्या. गोळ्या सहा महिने आधी सुरू झाल्या असत्या." मी त्यांना सांगितलं नाही की त्या नोंदी मी उघडल्याच उशिरा. त्यानं काय फरक पडतो? उघडल्यावर तरी काय केलं?

मग चाचांनी निरोप पाठवला. एक्केचाळीस परत पढायच्या आहेत, माझ्यानं मोजलं जाणार नाही, ये.

त्यांच्या ओटीवर एका वाटीत खजुराच्या एक्केचाळीस बिया होत्या. रोज जोहरनंतर मी जायचो. ते तांब्यातल्या पाण्यानं वजू करायचे आणि मी बाजूला बसून बघायचो. राहिलं तर सांगायचो, वाकून, कानात. "डावा पाय, चाचा." "डोकं, चाचा." मग ते एक नमाज पढायचे, एक बी उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे, थोडं थांबायचे, आणखी एक पढायचे. मधल्या वेळात कधी पाणी मागायचे, कधी मला विचारायचे, दहावीचा निकाल काय लागला. माझ्या राहिलेल्या नऊ मी तिथंच पढलो, त्यांच्या मागे उभा राहून. त्या माझ्या नक्की झाल्या, कारण वजू मी डोळ्यांनी बघितला होता.

दोन-दोन करत एकवीस दिवस लागले. शेवटच्या दिवशी एकच बी होती. ती त्यांनी टाकली, वाटी हलवून बघितली आणि म्हणाले, "झालं."

दुसऱ्या दिवशी जोहरनंतर मी त्यांच्या ओटीवरून जात होतो. ते बाही वर करून तांब्यापुढे बसले होते.

"ये. किती राहिल्या?"

"संपल्या, चाचा. काल संपल्या."

"संपल्या?" त्यांनी रिकामी वाटी उचलली. आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. "तू बिया काढून ठेवल्या नाहीस ना? मला बरं वाटावं म्हणून?"

"नाही, चाचा. खरंच संपल्या."

"खरं?"

"खरं."

आता आठ महिने झाले. बुरहान चाचांचं नाव त्यांना कधी आठवतं, कधी नाही. रुकैया आपांना ते कधी कधी आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारतात. माझी अम्मी कोण हे विसरलेत. पण रोज दुपारी मी ओटीवर दिसलो की ते वाटी उचलतात आणि मला तोच प्रश्न विचारतात. मी खरं सांगतो. ते मान हलवतात. आणि मग तांब्या पुढे ओढून परत वजूला बसतात.